आठवण चारचौघींत काढावी

तंजावूरला मेल वीथीच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, असा आमचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. देवनागरी मला अप्पांनी शिकवली आणि लिहायची सवय पुण्यात दिलेल्या मावसबहिणीच्या पत्रांनी लावली. तेव्हा एखादा शब्द पुणेरी कानाला टोचला, तर तो तंजावरी समजून सोडून द्यावा. नर्स म्हणून नोकरी मी कुवेतला केली, तरुणपणाची बहुतेक वर्षं. आता परत आले आहे.

हल्ली नात्यातल्या, ओळखीतल्या मुली विचारायला येतात. आखातासाठीची प्रोमेट्रिकची परीक्षा कशी असते, ब्रिटनसाठी इंग्रजीची ओईटी द्यावी की आयेल्ट्स, जर्मनीला जायचं तर भाषेची बी-टू पातळी गाठायला किती महिने लागतात. सगळं विचारून झालं की चपला घालता घालता एक प्रश्न येतो : ‘‘अक्का, घरची आठवण आली की काय करायचं?’’ खरं तर हाच आधी विचारायला हवा. बाकीची उत्तरं कुठलाही क्लास देतो. याचं उत्तर मला माझ्या वॉर्डातल्या फिलिपिनो बायकांनी दिलं, तेही सांगून नव्हे, त्यांच्या वागण्यातून. जसं आठवतं तसं लिहिते.

१. रडायचं असेल तर नळ सोडू नये.

आमच्या हॉस्टेलात आम्ही भारतीय मुली न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडायचो. मल्याळी, तमिळ, मी, सगळ्या सारख्याच. बाहेर येताना चेहरा पुसलेला. फिलिपिनो मुली जेवणाच्या टेबलावर, भाताचा घास हातात असताना रडायच्या. शेजारची जरा सरकून बसायची, कुणी पाठीवर हात ठेवायची, कुणी चेष्टा करायची. दहा मिनिटांत ती मुलगी पुन्हा जेवायला लागलेली असायची. मला आधी हा नाटकीपणा वाटला. पुढे कळलं की त्यांच्यात यात लाजण्यासारखं काहीच नाही.

त्याला कारणही आहे. फिलिपीन्सवर अमेरिकेचं राज्य असताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांच्याकडे इंग्रजीतून नर्सिंग शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. १९४८ नंतर अमेरिकेच्या एका देवाणघेवाण योजनेतून नर्सेस तिकडे जायला लागल्या. १९७४ मध्ये मार्कोस सरकारने कामगार कायदा केला आणि माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. बाहेर राबणाऱ्यांना तिथे ‘नवे वीर’ म्हणतात. या बिरुदात सरकारचा स्वार्थ आहे आणि त्या बायकांना तो पक्का ठाऊक आहे. त्यावर त्या जे बोलायच्या ते इथे लिहिता येणार नाही. पण आजी हाँगकाँगला, मावशी रियाधला, आपण कुवेतला, असं ज्या घरात चालतं तिथे ‘आठवण येते’ हे सर्दी झाली म्हटल्यासारखं म्हणता येतं. आपल्याकडे बाहेर गेलेली मुलगी म्हणजे सुखात पडलेली मुलगी. ती रडली तर लोक तिलाच विचारतात, ‘मग गेलीस कशाला?’

२. खोका कोपऱ्यात उघडा ठेवावा.

प्रत्येक फिलिपिनो मुलीच्या खाटेपाशी एक भला मोठा पुठ्ठ्याचा खोका असायचा. बालिकबायन खोका म्हणतात त्याला. तो एका दिवसात भरत नाही. पगार झाला की दोन साबण, पुढच्या महिन्यात डब्यातलं मांस, चॉकलेटं, टॉवेल, भाच्याचे बूट, शाम्पू. चार-सहा महिन्यांनी तोंडापर्यंत भरला की चिकटपट्ट्या गुंडाळून बोटीने रवाना. पोहोचायलाही आठवडेच्या आठवडे लागतात.

आम्ही सामान घ्यायचो ते सुट्टीच्या आदल्या आठवड्यात, यादी हातात घेऊन, धावतपळत : टायगर बाम, कुऱ्हाडीच्या छापाचं तेल, टँगचे डबे, यार्डली पावडर. त्यांचा खोका वर्षभर खोलीत असायचा. जाता-येता त्यात काहीतरी पडायचं आणि पडताना कुणाचं तरी नाव घेतलं जायचं. त्या वस्तू मनिलाच्या दुकानांतही मिळत असणार. तरी मी नंतर एक खोका आणला. बोटीने काही पाठवलं नाही, पण तो वर्षभर उघडा राहिला.

३. सण आपल्या तारखेला करावा, सुट्टी मिळो न मिळो.

सप्टेंबर उजाडला की त्यांचा नाताळ सुरू. बाहेर उन्हाने डांबर वितळतंय आणि नर्सिंग स्टेशनवर कुणीतरी नाताळची गाणी गुणगुणतंय. महिन्याच्या इंग्रजी नावाला शेवटी ‘बर’ लागला की पुरे. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना. रात्रपाळी संपवून, गणवेश न बदलता, त्या कुवेत शहरातल्या कॅथेड्रलला जायच्या. झोप कधी काढायच्या ते त्यांनाच माहीत.

त्यांचं पाहून मी आडि पेरुक्कु धरला. तमिळ आडि महिन्याची अठरावी तारीख, म्हणजे ऑगस्टचा दुसरा-तिसरा दिवस. १२ जूनला मेट्टूर धरणातून पाणी सोडलं की ते आमच्या मुलखात पसरतं, आणि या दिवशी बायका लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा असे भात बांधून कावेरीकाठी जातात. तंजावूर गावातून कल्लणैचा कालवा जातो, त्याला सगळे नवी नदी म्हणतात. लहानपणी आम्ही तिथेच जायचो. ही काही आमची महाराष्ट्रातून आणलेली चाल नव्हे, इथे येऊन घेतलेली. मला तर गुढीपाडव्यापेक्षा हीच जास्त आपली वाटते. कुवेतला नदी नाही. साल्मियाच्या समुद्रकाठी संध्याकाळी डबे उघडले तेव्हा बरोबर दोन मल्याळी होत्या आणि तीन फिलिपिनो. दहीभात कुणालाच आवडला नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच तारीख विचारली.

४. ड्यूटीवर पँसित खाऊ नये.

हा नियम अत्यंत शास्त्रीय आहे. पँसित म्हणजे त्यांच्या शेवया, लांबच लांब. पाळीवर असताना त्या खाल्ल्या की पेशंटांची रांगही तेवढीच लांब लागते, असं प्रत्येक फिलिपिनो नर्स शपथेवर सांगेल. धावपळीच्या पाळीला त्या ‘टॉक्सिक’ म्हणतात आणि हलक्या पाळीला ‘बिनाइन’. आणि ‘आज शांत आहे’ हे वाक्य उच्चारायला जगातल्या सगळ्याच नर्सेसना बंदी आहे. एकदा बाहेरच्या कुणीतरी वाढदिवसाच्या शेवया आणून दिल्या तेव्हा आमच्या इन्चार्जने त्या हसत हसत सर्जिकल वॉर्डला पाठवून दिल्या.

५. आंबट शोधावं.

परदेशात गोड कुठेही मिळतं आणि तिखटाची बाटली आणता येते. माझा जीव आंबटासाठी तुटायचा. तंजावूरचा आमचा स्वयंपाक चिंचेवर उभा आहे : वांग्याची रसवांगी, पिटलै, आणि रोजचं सांबार. ते सांबार तंजावूरच्या मराठी राजांच्या, भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं ही गोष्ट इथे सगळे सांगतात. खरीखोटी मी ठरवत नाही, पाहुण्यांना मीही सांगते.

वॉर्डातली सगळ्यांत थोरली फिलिपिनो नर्स, जिला आम्ही सगळ्या ‘आते’ म्हणायचो (थोरल्या बहिणीला त्या असंच म्हणतात), तिने एका रविवारी सिनिगांग उकळायला ठेवलं. ते चिंचेचं सार. त्यात मासा किंवा डुकराचं मांस पडतं, म्हणून मी लांब उभी. पण वास! मी तिच्याकडून मांस पडण्याआधीचं वाटीभर चिंचेचं पाणी मागून घेतलं, वर हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि भातावर घेतलं. आतेने चव घेतली, जरा विचार केला आणि म्हणाली, ‘‘छान आहे, पण यात मासा पाहिजे.’’

स्वयंपाकघर एक आणि वास अनेक असले की भांडणं होतातच. त्यांच्या सुक्या माशावरून आम्ही कुरकुरायचो आणि आमच्या हिंगावरून त्या. शेवटी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. बाहेर जाणाऱ्या मुलींना मी सांगते : पहिल्या आठवड्यात मैत्रीण नाही झाली तरी चालेल, स्वयंपाकघराचं वेळापत्रक मात्र झालं पाहिजे.

६. वादळाच्या रात्री एकटीने फोन बघत बसू नये.

८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान वादळ फिलिपीन्सवर आदळलं. तिथे त्याला योलांडा म्हणतात. ताक्लोबान शहरात समुद्र भिंतीसारखा आत आला आणि देशात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. आमच्या वॉर्डातली एक मुलगी ताक्लोबानची होती. घरचा फोन लागत नव्हता आणि लागणारही नव्हता, कारण मोबाइलचे मनोरेच उरले नव्हते. त्या दिवसांत तिच्या देशाच्या नर्सेसनी तिला एकटं सोडलं नाही. पाळ्या आपसांत बदलून घेतल्या, तिच्या खाटेपाशी गादी टाकून झोपल्या आणि फेसबुकवर टाकल्या जाणाऱ्या जिवंत माणसांच्या याद्या आळीपाळीने वाचल्या. तिला मात्र वाचू दिल्या नाहीत. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. यादी दुसरीने वाचायची, नाव सापडलं की मग सांगायचं. आठवड्याने तिच्या आईचा आवाज आला. घर गेलं होतं, माणसं होती.

पाच वर्षांनी, १६ नोव्हेंबर २०१८ ला, गजा वादळ आमच्याकडे वेदारण्यम-नागपट्टिणमच्या बाजूने आत शिरलं आणि रात्रीत पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडूकडची नारळाची झाडं आडवी करून गेलं. माझ्या मामाची बाग पेरावूरणीकडे. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, त्यामुळे तिथे जेमतेम रात्र पडली होती आणि मी फोनला चिकटले होते. फोन हातातून घेतला तो त्याच ताक्लोबानच्या मुलीने. काही बोलली नाही. आमच्या घरच्यांचे नंबर एका कागदावर लिहून घेतले आणि ती लावत बसली. पहाटे मामा लागला. जिवाला धोका नव्हता. पण नारळाचं झाड धरायला पाच-सात वर्षं घेतं, आणि तो म्हणाला, ‘‘आता माझ्या वयात परत लावायचं कुणासाठी?’’ त्या वर्षी माझ्या पगारातलं बरंचसं रोपांवर गेलं. मामाने लावली.

७. पैशाचा हिशेब भावनेपासून वेगळा ठेवावा.

याविषयी थोडक्यात, कारण याचं रडगाणं सगळीकडे आहे. थोरल्या मुलीने धाकट्यांची शिक्षणं करायची ही रीत त्यांच्यात आहे तशी आपल्यातही आहे. आतेने चार भावंडांना शिकवलं, पण मायदेशी तिचं स्वतःचं घर भाड्याचंच राहिलं. माझा नियम असा : पगारातला एक वाटा स्वतःच्या नावाने बाजूला पडल्याशिवाय घरी दमडी पाठवायची नाही, आणि तो वाटा किती हे कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही.

जाण्याआधीच्या पैशाबद्दल मात्र सविस्तर ऐका. २०१५ मध्ये केरळात कुवेतच्या नर्सभरतीचा घोटाळा उघडकीला आला. नियमाने जिथे १९,५०० रुपये घ्यायचे तिथे १९ लाखांच्या वर उकळले जात होते. त्याच वर्षी सरकारने ठरवलं की आखाती देशांसह एमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या १८ देशांत नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. तमिळनाडूत ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन आहे, केरळात नोर्का रूट्स आणि ओडेपेक. इतर नोकऱ्यांसाठीही नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ‘अक्का, तो म्हणतो व्हिसा हातात आहे, आज पाच लाख भरले तर’ असं सांगत येणाऱ्या मुलीला मी कॉफी देते आणि बसवून ठेवते.

८. लांब राहणं ही आपल्या घरची जुनी विद्या आहे.

कुवेतला मराठी लोकांच्या गणपतीला गेले की लोक विचारायचे, ‘तुम्ही तमिळ का?’ तमिळ पोंगलला गेले की, ‘तुम्ही मराठी ना?’ सुरुवातीला राग यायचा. नंतर आतेनेच एकदा विचारलं, ‘‘तुमचे लोक गाव सोडून किती वर्षं झाली?’’ मी म्हटलं, साडेतीनशे. तिला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय.

१६७० च्या दशकात व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावूर घेतलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. राजवट गेली, माणसं राहिली. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये कोरलेला भोसले कुळाचा लांबलचक मराठी लेख आहे. शाळेच्या सहलीला आलेली मुलं त्याकडे पाठ करून फोटो काढतात. पण दगडाने आमची भाषा टिकवली असं मला वाटत नाही. ती टिकली रामदासी मठांतल्या कीर्तनांत, हळदीकुंकवात, लग्नातल्या पंगतींत. जिथे दहा जणी जमतात तिथे. ज्या घरांनी एकट्याने मराठी जपायचा प्रयत्न केला त्या घरांतून ती आजीबरोबर गेली. आमच्या मराठीत तमिळ शिरलंय आणि शिरू दिलं म्हणूनच ती चाललीय, असं माझं मत आहे. पुण्याची मावसबहीण हे मानत नाही.

नर्स म्हणून मला दुसऱ्याच एका कागदाचा अभिमान आहे. भोसल्यांनी वाटसरूंसाठी ठिकठिकाणी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. ती आपल्याच ताब्यात राहावीत म्हणून तेव्हाचे राजे सरफोजी यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात छत्रांत काय चालतं याचं वर्णन आहे : येईल त्याला अन्न, वाटेत आजारी पडलेल्याला औषध, पथ्याचं जेवण आणि बरा होईपर्यंत आदराने शुश्रूषा, गरोदर बाईची विशेष काळजी. परमुलखातला माणूस आजारी पडला तर त्याला आधी घर लागतं, हे दोनशे वर्षांपूर्वी माझ्या गावाला कळलेलं होतं. कुवेतच्या वॉर्डात बांगलादेशी मजूर, नेपाळी सुरक्षारक्षक, आंध्रची मोलकरीण असे पेशंट यायचे. भेटीच्या वेळेत त्यांच्याकडे कुणी यायचं नाही. त्यांच्यापाशी दोन मिनिटं जास्त थांबायला मी कामचुकारपणा मानत नाही. एका वरिष्ठाने तो मानला आणि माझ्या फाइलीत तशी नोंदही केली. ती नोंद अजून असेल.

९. मृत्यूची बातमी टेबलावर आणावी.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे विमानं बंद झाली. मे महिन्यात कुवेतला पूर्ण संचारबंदी लागली. भारताची पहिली परतीची विमानं ७ मे ला सुटली, पण नर्सला तेव्हा कोण सोडणार? फिलिपीन्सने तर एप्रिलमध्ये नर्सेसना देशाबाहेर पाठवणंच थांबवलं. सुट्टीवर घरी गेलेल्या काहीजणी तिकडेच अडकल्या. अमेरिकेतल्या एकूण नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण चार टक्के, पण त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळजवळ एक तृतीयांश त्यांच्यातल्या होत्या. आमच्या हॉस्टेलातल्या प्रत्येक फिलिपिनो मुलीची कुणीतरी अमेरिकेत होतीच.

त्या उन्हाळ्यात आमची आज्जी गेली, कोविडने नव्हे, वयाने. वडवार नदीच्या काठावरचे विधी मी फोनच्या पडद्यावर बघितले. भावाने फोन उंच धरला होता, त्यामुळे मला मुख्यतः आकाश दिसलं. फोन ठेवून मी सवयीने न्हाणीघराकडे वळले. आते दारातच उभी होती. त्यांच्यात माणूस गेल्यावर नऊ रात्री प्रार्थना करतात. तिने मला न विचारताच त्या सुरू केल्या. मास्क लावून, लांब लांब बसून, त्या माळ ओढायच्या आणि मी अथर्वशीर्ष म्हणायचे. पाचव्या की सहाव्या रात्री एका मल्याळी मुलीने आज्जीबद्दल विचारलं, आणि मी बोलायला लागले : तिची नऊवारी, तिचा तमिळ सिनेमाचा नाद, कुंभकोणमच्या कॉफीत दूध किती यावरून अप्पांशी भांडण. त्या हसत होत्या. आज्जीला कधीही न भेटलेल्या सात-आठ बायका तिच्या गोष्टींना हसत होत्या, आणि मीही. भावाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. घरी सगळे असूनही तिच्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

१०. सामानाविषयी.

इडलीपात्र नेऊ नका, तिथे मिळतं. कुकरची रबरी रिंग जादा न्या. तीही मिळते, पण आपल्या मापाची मिळत नाही. हिंग तीन पिशव्यांत बांधा. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीच्या आणि अनुभवाच्या कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा आणि मेलवरही. पासपोर्टची प्रत घरी ठेवा, आणि पासपोर्ट कुणी ‘सांभाळायला’ मागितला तर का, हे लेखी मागा. त्रिचीहून विमान असेल तर तंजावूरहून तासा-दीड तासाचा रस्ता. पोचवायला सगळं घर आणू नका, सगळ्यांनाच त्रास होतो.

पहिल्या संध्याकाळी मेसमध्ये गेलात की कोपऱ्यातलं रिकामं टेबल धरू नका. सगळ्यांत जास्त कलकलाट असेल तिथे ताट घेऊन जा. बहुधा त्या फिलिपिनोच असतील. आखातात आहेत, लंडनला आहेत, जर्मनीतही आहेत. सरकून जागा देतील आणि जेवलीस का विचारतील. नाही म्हणा. मासा खात नसाल तर आधीच सांगा, नाहीतर वाढून मोकळ्या होतात.